खडूबाईचा चौथा मजला

माझी वहिनी माझ्यापेक्षा सरस आहे हे मी पन्नाशी ओलांडल्यावर कबूल करते आहे. आधीच सांगून ठेवते, मला कुणी "आत्ता सुचलं का?" असं विचारू नका. हो, आत्ता सुचलं. काय म्हणणं आहे?

मी हॉस्पिटलच्या आवक विभागात बसते. मुख्य दारातून आत आलं की उजव्या हाताची खिडकी माझी. हॉस्पिटलात येणारा प्रत्येक कागद माझ्या हाताखालून जातो. मी तो वाचते, क्रमांक देते, तारीख आणि वेळ घालते, शिक्का मारते. सव्वीस वर्षं हेच करते आहे. पाच वाजले की खिडकी बंद. पाच वाजून एका मिनिटानं आलेला मोठ्या डॉक्टरांचा रजेचा अर्जसुद्धा मी परत पाठवलेला आहे. माझ्या पाठीमागे लोक मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यानं माझी झोप उडत नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा बस चालवतो. दिवसभर हॉर्न ऐकून त्याचं बोलणं आटलंय. त्यामुळे आमच्या घरात बोलायचं मी, ऐकायचं वहिनीनं आणि दादानं मान हलवायची, अशी वाटणी कधीच होऊन गेली. एकाच इमारतीत राहतो आम्ही, ते खाली आणि मी वर. म्हणजे वाटणीतून सुटका कुणालाच नाही.

वहिनी आधी शर्टाच्या कारखान्यात होती. कॉलर लावायची, काजं करायची. ती चाळिशीची झाली आणि कारखान्याला टाळं लागलं. महिनाभर घरात बसली, सगळे डबे घासूनपुसून झाले, माझेही घासले. मग कुणाकडून तरी कळलं की कम्प्युटरच्या वायरी टाकणाऱ्या एका ठेकेदाराला माणसं हवी आहेत. ही गेली. त्यानं हिच्या हातात एक वायर दिली. वरून एक दिसते, पण आत आठ बारीक तारा असतात, प्रत्येकीचा रंग वेगळा. त्या ठरलेल्या क्रमानं ठरलेल्या खाचेत बसवायच्या. एकीची जागा चुकली की पलीकडचा कम्प्युटर मुका. भल्याभल्यांची बोटं तिथे अडखळतात. हिनं अर्ध्या तासात दहा वायरी लावून दाखवल्या. काजं करणाऱ्या बाईला त्यात कसलं आलंय अवघड?

मी मात्र आकाशपाताळ एक केलं. "आता या वयात शिड्या चढणार? छतात शिरणार? लोक काय म्हणतील?"

"वन्सं," ती म्हणाली, "लोक खाली असतात. मी वर असणार. मला ऐकूच येणार नाही."

असं बोलते ती. आवाज न चढवता. आणि मग आपण घरी जाऊन तासभर धुमसत बसायचं.

अकरा वर्षं तिनं शाळा, कारखाने, कचेऱ्या पालथ्या घातल्या. छतात सरपटून गुडघे कामातून गेले. पण काम तिला मुळापासून कळलं. एकदा मी खवचटपणे विचारलं, "काय गं, सर्व्हर सर्व्हर म्हणतात तो असतो तरी कोण?" तर म्हणते, "तुमची खिडकी, वन्सं. सगळे कागद तिथे येतात आणि तिथूनच मिळतात." मी जरा फुगले. "आणि स्विच?" "तो शिपाई. कुठला कागद कुणाच्या टेबलावर द्यायचा ते त्याला पाठ असतं." "आणि तू कोण?" "मी जिना," म्हणाली आणि गुडघ्याला तेल चोळत बसली.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर आहे. मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांतून निघालेल्या वायरी एका लहान खोलीत, एका लोखंडी कपाटात येतात. त्या कपाटाला रॅक म्हणतात. रॅकमध्ये आडव्या पट्ट्या असतात, त्या पॅनेल. एका पॅनेलला चोवीस भोकं. समोरून बघितलं तर डावीकडून उजवीकडे एक ते चोवीस आकडे छापलेले. पण वायरी लावायच्या असतात मागून. आणि मागच्या बाजूला आकडे नसतात. माणूस मागे जाऊन उभा राहिला की त्याची डावी ती समोरच्याची उजवी. डावीकडून मोजायला लागलात की एक नंबरची वायर बसली चोवीस नंबरवर. चुकलंय हे दिसतसुद्धा नाही. सगळं चालू होतं, दिवे लागतात, फक्त आकडे उलटे.

वहिनी कधी चुकायची नाही, कारण तिच्याकडे खडू होता. शिंप्याचा, चपटा. कारखान्यात कापडाच्या उलट्या बाजूला खडूची फुली मारायची शिस्त होती, तीच तिनं इथे आणली. रॅकच्या मागे जायच्या आधी समोरून एक नंबरच्या भोकात बारीक पट्टी सरकवायची, मागे जाऊन ती कुठे दिसते ते बघायचं, तिथे फुली मारायची आणि मगच पहिली वायर उचलायची. बाकीचे कामगार हसायचे, खडूबाई म्हणायचे. नंतर तेच तिच्याकडे खडू मागायला लागले.

तर आमच्या हॉस्पिटलची सात मजली नवी इमारत उभी राहिली आणि तिच्या वायरींचं काम त्याच ठेकेदाराला मिळालं. त्याच सुमारास हॉस्पिटलनं जाहिरात काढली: नेटवर्क तंत्रज्ञ, एक जागा, कायम. अट अशी की एक तर प्रमाणपत्र हवं, नाहीतर दहा वर्षांचा अनुभव आणि किमान एका कामाचं ताबापत्रक अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर हवं. काम पूर्ण झालं, तपासून घेतलं, अमक्यानं केलं, असं लिहिलेला कागद म्हणजे ताबापत्रक. अकरा वर्षांत वहिनीनं शंभर कामं केली असतील, पण प्रत्येक ताबापत्रकावर नाव ठेकेदाराचं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागितलं. तो म्हणाला, ठीक आहे, चौथा मजला पहिल्यापासून शेवटपर्यंत तू कर, त्याचा कागद तुझ्या नावावर.

चौथा मजला म्हणजे हृदयाच्या रोग्यांचा. प्रत्येक खाटेच्या उशाशी मॉनिटर, प्रत्येक मॉनिटरची वायर रॅकमध्ये. एकशे चव्वेचाळीस वायरी, सहा पॅनेलं. तपासणी सोमवारी. अर्जाची शेवटची वेळ त्याच आठवड्यातल्या गुरुवारी पाच वाजता, माझ्या खिडकीवर.

आणि आता मी काय केलं ते सांगते. लपवून काय करायचंय?

तपासणीच्या आधीच्या गुरुवारी माझ्या खिडकीवर त्या जागेसाठीचा साठावा अर्ज आला. सगळी तिशीच्या आतली मुलंमुली, प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यासकट. माझ्या डोक्यात तिडीक गेली. खरं सांगू? मला तिची काळजी नव्हती. मला लाज वाटत होती. माझ्याच कचेरीत माझी भावजय हत्यारांची पेटी घेऊन फिरणार आणि लोक म्हणणार, ही हिची वहिनी बरं का. मी फोन लावला आणि वीस मिनिटं तोंडाचा पट्टा सोडला. एक्कावन्नाव्या वर्षी कोण नोकरी देतं, तुझं शिक्षण काय, आमचं हसं करशील, अर्ज करूच नकोस. ती म्हणाली, "बरं." एवढंच. मला वाटलं, जिंकले.

त्या वेळी ती रॅकच्या मागे उभी होती. हातात खडू होता आणि ती फुली मारणार तेवढ्यात फोन वाजला होता. बोलणं संपल्यावर तिनं खडू खिशात टाकला आणि सरळ वायर उचलली. डावीकडून. पहिलं पॅनेल जसं लागलं तसंच दुसरं, तसंच सहावं.

हे कळलं शनिवारी दुपारी. वायरी तपासायचं एक छोटं यंत्र असतं, एक भाग खोलीत लावायचा, दुसरा रॅकपाशी धरायचा. पहिल्या खाटेच्या वायरीचा आवाज एक नंबरवर यायला हवा, तो आला चोवीसवर. तिनं दुसरी लावली, तेवीस. तिसरी, बावीस. सहाच्या सहा पॅनेलं तपासली आणि तिथेच जमिनीवर बसली, असं तिनं आम्हाला सांगितलं.

ठेकेदाराला फोन केला तर तो हसला. "त्यात काय एवढं? कागद बदल. नकाशावर एकच्या जागी चोवीस लिही. तपासनीस शंभरातल्या दहा वायरी बघतो, तेही नकाशा हातात धरून. कुणाच्या बापाला कळणार नाही."

शनिवारी संध्याकाळी ती घरी आली, हातपाय धुतले आणि आम्हा दोघांसमोर सगळं मांडलं. आणि ऐका आता, सव्वीस वर्षं एक मिनिट इकडचं तिकडं होऊ न देणारी मी काय म्हणाले! म्हणाले, "मग बदल ना कागद. अर्ज तरी जाईल."

तिनं माझ्याकडे बघितलं. "वन्सं, तुम्ही म्हणताय हे?"

मी उगाच कपबश्या आवरायला लागले.

"उद्या सात नंबरच्या खाटेचा मॉनिटर बिघडला," ती म्हणाली, "तर धावत येणारा माणूस नकाशा शोधत बसणार नाही. तो रॅकवर सात बघणार आणि सातची वायर उपटणार. ती असणार अठराव्या खाटेची. अठराव्या खाटेवरच्या माणसानं माझं काय घोडं मारलंय?"

दादा चहा पीत ऐकत होता. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "मी चुकीच्या रस्त्याला लागलो," तो म्हणाला, "तर बसची पाटी बदलत नाही. बस वळवतो." आणि उठून आत गेला. महिन्याभराचं बोलून झालं त्याचं.

रविवारी सकाळी नऊला ती हजर. प्रत्येक वायर खाचेतून काढायची, टोक कापायचं, पुन्हा सोलायची, आठ तारा पुन्हा क्रमानं बसवायच्या. नशीब एवढंच की दर वायरीमागे हातभर जास्तीचं वेटोळं ठेवायची तिची सवय. वायर फुकट घालवतेस म्हणून ठेकेदार तिच्यावर कायम खेकसायचा. ते वेटोळं नसतं तर एकही वायर पॅनेलच्या या टोकाकडून त्या टोकापर्यंत पोचली नसती. एका वायरीला पाच मिनिटं. संध्याकाळी सहाला पहारेकऱ्यानं तिला बाहेर काढलं तेव्हा चार पॅनेलं सरळ झाली होती. दोन उरली, म्हणजे अठ्ठेचाळीस वायरी.

सोमवारी दहाला तपासनीस आला. सडपातळ, चष्मेवाला, कमी बोलणारा माणूस. ठेकेदारानं नवा नकाशा पुढे केला, किती उरलंय ते वहिनीनं रात्रीच त्याला कळवलं होतं, म्हणून त्यात शेवटच्या दोन पॅनेलांचे आकडे गुपचूप उलटे छापलेले. तपासनीस पहिली वायर निवडणार तेवढ्यात वहिनी म्हणाली, "साहेब, हा मजला आज पास करू नका. माझी चूक झालीय. सहा पॅनेलं उलटी लावली होती, चार सुधारली, दोन राहिलीत."

ठेकेदाराचा चेहरा पडला. तपासनीसानं चष्मा काढून पुसला. "गुरुवारी दोन वाजता येतो," म्हणाला. "आणि मग दहा नाही, एकशे चव्वेचाळीस बघेन."

तो लिफ्टमध्ये शिरला आणि ठेकेदारानं वहिनीच्या गळ्यातला पास ओढून काढला. "हरिश्चंद्राची बहीण लागून गेलीस का? घरी बस. ताबापत्रक माझ्या नावानं होईल." आणि तो दुसऱ्या गावच्या कामाला निघून गेला. दोन पॅनेलांना हात लावायला त्यानं कुणालाही ठेवलं नाही, त्याच्याकडे उलटा नकाशा होताच की.

वहिनी जिना उतरून माझ्या खिडकीसमोर आली. मला वाटलं, रडेल. कसली रडते! म्हणाली, "वन्सं, पास नसेल तर आत जायचा दुसरा रस्ता कोणता?"

त्या क्षणी मला माझ्या त्या फोनची इतकी शरम वाटली की मी खिडकी पंधरा मिनिटं बंद ठेवून तिला घेऊन चौथ्या मजल्याच्या मेट्रनकडे गेले. मेट्रन म्हणजे तिथली मुख्य परिचारिका, भल्यामोठ्या अंगाची आणि त्याहून मोठ्या आवाजाची. तिनं सगळं ऐकलं. "मजला माझा, खाटा माझ्या, चावी माझ्याकडे," ती म्हणाली. "पास त्या ठेकेदाराचा गेला. भेटायला येणाऱ्यांना चार ते सहा आत सोडतात ना? ही मला भेटायला येणार." आणि चिठ्ठी लिहून दिली. भेटीचं कारण: वैयक्तिक.

मंगळवार आणि बुधवार, चार ते सहा. अठ्ठेचाळीस वायरी, पाच-पाच मिनिटं, म्हणजे बरोब्बर चार तास. चहाला नाही, पाण्याला नाही, गुडघा चोळायला नाही. मंगळवारी मी पाच वाजता खिडकी बंद करून वर गेले. बुधवारी चार वाजताच गेले. अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज मीच लिहिला, मीच वाचला आणि मीच आवक केला. माझं काम सोपं होतं. समोरून एकेका भोकात पट्टी सरकवायची आणि आकडा ओरडायचा. "सात!" मागून तिचं बोट त्या जागी यायचं. "सात." मग कात्रीचा आवाज, मग सोलण्याचा, मग खाचेत तारा दाबल्याचा टक्, टक्, आठ वेळा.

मी तिला कामाच्या जागी कधी बघितलंच नव्हतं. रॅकच्या फटीतून फक्त तिची बोटं दिसत होती. नखं तुटलेली, टोकं काळी पडलेली. पण एकदाही थरथरली नाहीत. अकरा वर्षं मी या बोटांना नावं ठेवत होते.

"वहिनी, तो परवाचा फोन," मी म्हणाले.

"वन्सं, आकडा सांगा."

"अगं, ऐक ना."

"आकडा सांगा, वन्सं. सहा वाजायला वीस मिनिटं आहेत."

मी आकडा सांगितला.

गुरुवारी मला खिडकी सोडता येत नव्हती, शेवटचा दिवस, रांग लागलेली. वर काय घडलं ते मला मेट्रननं नंतर हातवारे करून सांगितलं. तपासनीसाची कुठली तरी बैठक लांबली, तो आलाच अडीचला. ठेकेदारही आला. वहिनी मेट्रनची पाहुणी म्हणून कोपऱ्यात स्टुलावर. एकेक वायर तपासत चार पॅनेलं झाली, सगळी बरोबर. पाचवं सुरू झालं. ठेकेदाराच्या नकाशावर लिहिलेलं चोवीस, आवाज आला एकवर. पुढचं तेवीस, आवाज दोनवर. ठेकेदाराला दरदरून घाम फुटला. त्याचा नकाशाच खोटा ठरत होता. वहिनीनं उठून आपल्या हातानं लिहिलेला कागद पुढे केला. तपासनीसानं त्यावरून तपासलं. शेवटच्या वायरीपर्यंत सगळं जागच्या जागी.

"हे काम कुणी केलं?" त्यानं विचारलं.

"आमच्याच माणसांनी," ठेकेदार म्हणाला. "मी स्वतः उभा राहून करून घेतलं."

"असं? मग मागे जा आणि सात नंबरवर बोट ठेवा."

ठेकेदार ऐटीत मागे गेला. डावीकडून मोजलं, एक, दोन, तीन, आणि सातव्यावर बोट ठेवलं. तपासनीसानं समोरून अठरा नंबरच्या भोकात पट्टी सरकवली. ती थेट त्याच्या बोटाला टोचली. मेट्रन म्हणते, ती आयुष्यात इतकी कधी हसली नव्हती. तपासनीस मात्र हसला नाही. त्यानं ताबापत्रक काढलं, ठेकेदाराचं नाव खोडलं, पेन वहिनीच्या हातात दिलं आणि म्हणाला, "नाव लिहा. सही इथे."

ती सही झाली तेव्हा पाचला दोन मिनिटं कमी होती.

मी खाली घड्याळाकडे बघत बसले होते. रांग संपली. पाच वाजले. मी खिडकीच्या झडपेला हात लावला नाही. पाच वाजून एक, दोन, तीन. पलीकडच्या टेबलावरचा कारकून माझ्याकडे बघायला लागला. त्यानं कधी असं दृश्य पाहिलंच नव्हतं. मी शिक्क्यावरची वेळ चार अठ्ठावन्नवर आणून ठेवली होती आणि हात शिक्क्यावरून काढला नव्हता.

लिफ्टमध्ये स्ट्रेचर होता म्हणून ती जिन्यानं आली, त्या गुडघ्यांनी, चार मजले. खिडकीत अर्ज ठेवला, वर ताबापत्रक ठेवलं आणि धापा टाकत उभी राहिली. मी शिक्का उचलला. तिनं खिडकीतून हात घालून माझं मनगट धरलं.

"किती वाजले, वन्सं?"

"चार अठ्ठावन्न."

"भिंतीवर."

मी बघितलं नाही. मला माहीत होतं. "सहा मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय का? अकरा वर्षं तू छतात सरपटलीस आणि हा शिक्का माझा आहे!" मी ओरडलेच. "कुणाला कळणार आहे?"

"कागदच बदलायचा असता," ती म्हणाली, "तर सोमवारीच बदलला असता ना? खरी वेळ घाला."

मी शिक्का फिरवला. पाच वाजून सहा मिनिटं. मारताना मला डोळ्यांतल्या पाण्यानं दिसत नव्हतं, शिक्का तिरका उमटला, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. पण शेऱ्याचा रकाना माझा होता ना! त्यात मी लिहिलं: "अर्ज सहा मिनिटं उशिरा. अर्जदारानं स्वतःची चूक स्वतः सांगून एकशे चव्वेचाळीस जोडण्या पुन्हा केल्या, त्यामुळे उशीर." आणि खाली सही ठोकली.

सोमवारी प्रशासन अधिकाऱ्यांचं बोलावणं आलं. मलाही आणि तिलाही. नोकरी तिला मिळाली, हे आत्ताच सांगून टाकते. मुलाखत झाली, चाचणी झाली, ती आता दुसऱ्या मजल्यावर बसते आणि तिच्या दारावर तिच्या नावाची पाटी आहे. पण मला सांगायचंय ते त्या खोलीतलं.

अधिकाऱ्यांच्या समोर तो अर्ज होता, तपासनीसाचा अहवाल होता आणि माझा तिरका शिक्का होता. त्यांनी मला विचारलं, "हा शेरा तुमचा? ही बाई तुमची कोण?"

"माझ्या थोरल्या भावाची बायको."

"मग ही नातेवाइकाची शिफारस झाली."

"नाही साहेब, ती नोंद आहे. आणि अजून एक नोंद करायची राहिली. चूक तिची नाही, माझी आहे. ती खूण करत होती तेव्हा मी तिला फोनवर वाट्टेल ते बोलले. तिचा हात माझ्यामुळे चुकला." जे मी रॅकसमोर उभी राहून तिला सांगू शकले नव्हते, ते माझ्या तोंडून साहेबांसमोर निघालं. वर्षानुवर्षं त्या खोलीत मी फक्त दुसऱ्यांच्या चुका सांगत आले होते.

साहेबांनी वहिनीकडे बघितलं. "खरं आहे का हे?"

"फोन आला होता, ते खरं," वहिनी म्हणाली. "पण साहेब, त्या रोजच बोलतात. त्यांच्या बोलण्यानं माझा हात चुकायचा असता तर अकरा वर्षांत एक वायर धड लागली नसती. खडू माझ्या हातात होता. तो खिशात मी टाकला." मग ती माझ्याकडे वळली, आणि आवाज तोच, न चढवलेला. "माझी चूक माझ्याकडेच राहू द्या, वन्सं. तेवढी एकच झालीय."